ह्येका खाऊक काय घालतलंस?

माझ्या घरात एकही प्राणी नाही. मांजर नाही, मासे नाहीत. ट्यूबलाइटच्या मागे एक पाल आहे, पण ती माझी आहे असं मी म्हणणार नाही आणि तीही म्हणणार नाही. तरी गेली पंचवीसेक वर्षं मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो. "मॅडम, तुम्हाला कुठलाही प्राणी पाळायला मिळाला, अगदी कुठलाही, तर कुठला पाळाल?"

मी ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. जूनमध्ये नव्या वर्गाची आणि माझी ओळख होत असते, अर्ध्यांची पुस्तकं यायची असतात, बाहेर पाऊस असतो, आणि कुणीतरी हा प्रश्न टाकतंच. मोठी माणसंही विचारतात. माझे वडील सिंधुदुर्गात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते, "मग तुमच्याकडे काय पाळलंय?" काही नाही म्हटलं की तिला माझी उगीच कीव येते, आणि सावरून घ्यायला ती पुढचं विचारते, "बरं, पाळायचंच झालं तर?"

"खवले मांजर," मी सांगते.

पंगतीतली बाई श्रीखंडाकडे वळते. मुलं सोडत नाहीत. निम्म्यांना ती मांजराची जात वाटते, काहींना साळिंदर. एकाने विचारलं होतं, "म्हणजे मासे खवल्यांसकट खाणारं मांजर ना?" त्याची काही चूक नाही, नावच तसं आहे. मांजराशी त्या प्राण्याचं काडीचं नातं नाही. पँगोलिन म्हटलं की हल्ली ओळखतात, कारण करोनाच्या दिवसांत ते नाव बातम्यांत येऊन गेलं. बिचारं आलं तेही संशयित म्हणून.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी नऊ वर्षांची होते. वडील पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टरांच्या खालची जागा. पण खरे डॉक्टर तालुक्याला, त्यामुळे पंचक्रोशीत वडीलच 'ढोरांचो डॉक्टर'. गाय अडली, बैलाचा खूर सडला, कुत्र्याला साप चावला की माणसं रात्री-अपरात्री आमच्या खळ्यात उभी. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तिन्हीसांजेला दोघेजण एक गोणपाट दोन बाजूंनी धरून आले.

"डॉक्टरानू, गडगो मोडताना ह्या गावला. जिता आसा." म्हणजे दगडी बांध मोडताना सापडलं, जिवंत आहे.

गोणपाट उघडलं. आत एक गोळा. मोठ्या फणसाएवढा, ओल्या चिऱ्याच्या रंगाचा, आणि एकावर एक नीट रचलेली कौलं असावीत तसे त्यावर खवले. डोकं कुठे, शेपूट कुठे, काही कळत नव्हतं. मी बोट लावलं. गार आणि टणक. "नखासारखं लागतंय," मी म्हटलं. वडील म्हणाले, "नखच आहे ते. आपली नखं, बैलाची शिंगं आणि हे, सगळं एकच." मला अजून वाटतं की मी विज्ञानाची शिक्षिका झाले ती त्या वाक्याने.

गोळा हलत नव्हता, पण मधेच फुस्स करून श्वास सोडायचा. वडिलांनी सगळीकडून पाहिलं, जखम नव्हती. रात्रीपुरतं घरात ठेवू आणि उजाडलं की डोंगरात सोडून येऊ, असं त्यांनी ठरवलं. मी ठरवलं की सोडायचं नाही. मनात त्याला नावसुद्धा ठेवून झालं होतं. ते नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही.

आजी पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन सांगितलं की हे आपण पाळू या. तिने मान वर केली नाही.

"ह्येका खाऊक काय घालतलंस?"

मी दूध आणलं. मग भात. मग केळं, मग शिंक्यातलं अंडं, मग सुक्या बांगड्याचा तुकडा. गोळा मिटलेलाच. वडिलांनी सांगितलं, त्याला दातच नसतात. मुंग्या आणि वाळवी, बाकी काही तो तोंडात घेत नाही. मी लोणच्याची रिकामी बरणी घेतली आणि मागच्या आंब्यावर चढले. पानं चिकटवून केलेलं हुमल्यांचं, म्हणजे तांबड्या मुंग्यांचं, घरटं मला ठाऊक होतं. ज्यांना तांबडे हुमले चावलेत त्यांना पुढचं वर्णन नको. हात, मान, कानामागे, सगळीकडे. रडत रडत खाली आले तेव्हा बरणीत शे-दीडशे हुमले असतील. घरातल्या एका माणसाचं पोट भरायला भाताची दीडशे शितं आणावीत, तितकंच ते होतं. आजी हसली नाही, एवढं तिचं चांगलं. चुन्याचं बोट कानामागे लावलं आणि पुन्हा सुपारी कातरायला बसली.

मागच्या भाताच्या खोलीत त्याला ठेवलं. दाराला कडी. जमीन शेणाने सारवलेली, भिंती मातीच्या. रात्री मला झोप कुठली. कधीतरी खसखस ऐकू आली. उठून दाराच्या फटीला डोळा लावला. वडिलांची बॅटरी होती, तिच्यावर फडकं धरून अंधुक उजेड आत सोडला.

गोळा उलगडला होता. लांब निमुळतं तोंड, मण्यासारखे डोळे, आणि जवळजवळ धडाएवढी शेपूट. मागच्या दोन पायांवर तोल सांभाळत ते चाललं होतं आणि पुढचे पंजे छातीशी धरले होते. उजेडाकडे त्याने पाहिलं नाही. भिंतीच्या कडेने, वास घेत, किल्ली हरवलेल्या म्हाताऱ्यासारखं खोलीभर फिरलं. मग एका भेगेत त्याने जीभ घातली. जीभ म्हणजे ओला दोराच, तोंडातून निघतोय तो निघतोय. मग खणायला लागलं.

मी वडिलांना उठवायला हवं होतं. नाही उठवलं. कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

सकाळी खोलीत माझ्या गुडघ्याएवढा मातीचा ढीग होता, भिंतीखालून आरपार बीळ होतं आणि खवले मांजर नव्हतं. बरणीचं झाकण मी नीट लावलं नव्हतं, त्यामुळे हुमले मात्र पुढचे तीन दिवस घरात होते. आजीने माती परत लोटली, शेण कालवलं आणि जमीन सारवायला घेतली. मी शेजारी फुरंगटून बसले होते. सारवता सारवता ती म्हणाली, "रडतंस कित्या? तां जेवूक गेला."

एवढंच. एका रात्रीचं पाळणं.

पुढे वाचत गेले तसतसं कळलं की आजीचा प्रश्न जगातल्या भल्याभल्या प्राणिसंग्रहालयांना सुटलेला नाही. आपल्याकडचं खवले मांजर पूर्ण वाढलं की दहा-पंधरा किलोचं होतं आणि ते सगळं वजन मुंग्या-वाळवीवर पोसलेलं असतं. दिवसाला हजारोंनी लागतात. दात नाहीत म्हणून ते बारीक खडे गिळतं आणि पोटातच दळण करतं. जिभेचं मूळ आपल्यासारखं घशात नसतं, पार छातीच्या पिंजऱ्याच्या टोकाकडे असतं. हा प्राणी पकडला की घाबरूनच खंगतो, आणि पर्यायी खाणं त्याच्या पोटाला मानवत नाही. पकडलेली बहुतेक खवले मांजरं फार दिवस जगत नाहीत. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात त्यांच्या प्रजननाचं खास केंद्र आहे, तिथे पिल्लं झालीही आहेत. पण एका जनावराला जगवायला अख्खं केंद्र लागतं, आणि मी आंब्यावर लोणच्याची बरणी घेऊन चढले होते.

एवढा जपून राहणारा प्राणी जगात सर्वांत जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांत मोडतो. कारण ते खवले. चीन-व्हिएतनामकडच्या पारंपरिक औषधांत त्यांना मागणी, मांसालाही मागणी. संकट आलं की गोळा होऊन पडून राहायचं, ही युक्ती बिबट्यापुढे चालते. माणूस तो गोळा उचलून पोत्यात घालतो. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस करारात २०१६ साली खवले मांजराच्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं. तरी चालूच आहे. औषध म्हणून काय विकलं जातं, तर नखं. नखं खाऊन रोग बरे होत असते तर आमच्या आठवी ब मधल्या निम्म्या मुलांना जन्मभर सर्दी झाली नसती.

माझं सांगून झालं की मी मुलांना उलटा प्रश्न विचारते, आणि उत्तर आलं की लगेच आजीचा प्रश्न, मालवणीतूनच. वर्गाला तो आता पाठ आहे.

पेंग्विन दरवर्षी असतोच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हापासून प्रत्येक वर्गात चारदोन मुलांना तो हवा असतो. खायला मासे घालू, असं मुलं ठणकावून सांगतात. बरोबर. आणि राहायला? त्यांच्यासाठी १६ ते १८ अंशांवर ठेवलेलं दालन आहे, ठाण्यातल्या मे महिन्यात तुमचा एसी तेवढा खाली नेऊन चोवीस तास चालवून बघा आणि बिल बाबांना दाखवा. पेंग्विन तिथल्या तिथे गळतो.

मुलींना अलीकडे पाणमांजर हवं असतं. त्याला कारण मोबाइलवरचे जपानी व्हिडिओ. पाठीवर झोपलेलं, पोटावर खडा घेऊन खेळणारं. जपानमध्ये पाणमांजराचे कॅफे निघाले, घरात पाळायची टूम आली, आणि ती हौस भागवायला आग्नेय आशियातून पिल्लांची चोरटी ने-आण सुरू झाली. २०१९ साली सायटिसच्या जिनिव्हाच्या परिषदेत आपल्याकडच्या दोन जातींच्या पाणमांजरांवर, म्हणजे मऊ कातडीच्या आणि लहान नखांच्या, आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंदी आली. व्हिडिओत एक ऐकू येत नाही आणि एकाचा वास येत नाही. पाणमांजराची शीळ कानात खिळा ठोकल्यासारखी असते आणि त्याच्या विष्ठेचा वास कुजलेल्या मासळीचा. मी खाडीकाठी वाढलेली बाई आहे, मला चालतो. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना चालणार नाही. शिवाय मोठ्या पाणमांजराला दिवसाला किलोभर मासळी लागते. पापलेटचा भाव विचारून या, मग बोलू.

आणि चित्ता. चित्ता मागणारी मुलं हटून बसतात, कारण त्यांच्याकडे पुरावा असतो. "मॅडम, राजे पाळायचे." पाळायचे हे खरंच. आमच्या वर्गात एकाचं आजोळ कोल्हापूर, तो तर चित्ता ही आपल्या घरची इस्टेट असल्यासारखा बोलला. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत होते. डोळ्यांवर झापड बांधून गाडीतून माळावर न्यायचे आणि कळप दिसला की झापड काढायची. आपल्याकडे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. मिळेनासे का झाले, हे मात्र त्या मुलाला आजोळी कुणी सांगितलं नव्हतं.

अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते असं जहांगीर लिहितो. खाण्याचा प्रश्न बादशहाला नव्हता. आजी तिथे हरली असती. पण अकबराने कितीही प्रयत्न केले तरी त्याच्या चित्त्यांना पिल्लं झाली नाहीत. जहांगिराच्या काळात एका नराच्या गळ्यातला पट्टा सुटला, तो आपणहून एका मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली. बादशहाला याचं इतकं नवल वाटलं की त्याने ते आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं. पाळीव चित्त्याला पिल्लं झाल्याची त्यानंतरची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली साडेतीन शतकं जो जो चित्ता कुणाच्या दारात बांधला गेला तो तो रानातून उचललेला होता. उरलेले १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात गोळीने गेले आणि १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले ते या हिशेबापोटी.

पट्टा सुटल्याची गोष्ट सांगितली की वर्ग एकदम गप्प होतो. का ते मी विचारत नाही.

ज्यांना मनातला प्राणी खरोखर मिळाला त्यांच्या गोष्टी मी जमवत असते. त्यातली माझी आवडती गेंड्याची आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहाने पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या गव्हर्नरला, अल्बुकर्कला, एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात घालून आपल्या राजाला पाठवला. १५१५ च्या मे महिन्यात गेंडा लिस्बनला पोचला. युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने काय केलं, तर त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला भेट म्हणून रवाना केला, आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं. हा साखळदंडाने बांधलेला होता.

जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररने त्या गेंड्याचं चित्र काढलं, स्वतः न बघता, कुणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून. अंगावर चिलखताचे पत्रे काढले आणि पायांवर तर चक्क खवले. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या भाताच्या खोलीतला गोळा आठवला.

पुण्यातही गेंडा होता. सवाई माधवरावांच्या शिकारखान्यात, पर्वतीच्या पायथ्याशी. गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली त्याचं चित्र काढलं. त्याने मात्र गेंडा समोर उभा राहून पाहिला होता आणि ते चित्रात कळतं. पेशवा तेव्हा सोळा वर्षांचा. आठवी-नववीच्या मुलांना जे जे हवंसं वाटतं ते ते सगळं त्या पोराकडे होतं, गेंड्यासकट. पुढे पाच वर्षांनी तो शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला एक आठवली की दुसरी आठवते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा धाक घालून उत्तर संपवणं मला आवडत नाही. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडलं, ठेवलं, विकलं तर तीन ते सात वर्षं कैद. पंगतीतल्या बाईला हे पटकन पटतं. मग मी तिला सांगते की तुमच्या गॅलरीतला हिरवा पोपटसुद्धा पाळणं गुन्हाच आहे, तर ती म्हणते, "अहो, तो विठ्ठल-विठ्ठल म्हणतो." असं झाल्यावर जिलबी येईपर्यंत आमचं बोलणं बंद असतं.

तर मी खवले मांजर पाळणार नाही. पण इच्छा गेली आहे का, असं विचाराल तर नाही. त्याचीही एक गोष्ट आहे.

वडील गेल्यावर गावच्या वाटणीत माझ्याकडे डोंगराकडचा तुकडा आला, ऐंशी गुंठे. वर कातळ, खाली आईन, कुंभा, करवंदीच्या जाळ्या, आणि मोजून अकरा वारुळं. चुलतभाऊ वर्षानुवर्षं मागे लागला होता की जेसीबी लावू, सपाट करू, काजू लावू, पाचव्या वर्षापासून उत्पन्न. हिशेब त्याचा बरोबर होता. माझ्याकडे 'नको' म्हणायला सांगण्यासारखं कारण नव्हतं. एका मुंगीखाऊ प्राण्यासाठी जमीन पडीक ठेवते म्हटलं असतं तर गावात माझी शोभा झाली असती. शेवटी मी, विज्ञानाची शिक्षिका, त्याला म्हटलं, "तिथे रोयण आहेत. मोडायच्या नाहीत."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि सातेरी देवीचं रूप म्हणजे रोयण. देवीच्या गाभाऱ्यात अनेक ठिकाणी मूर्तीच्या जागी वारूळच असतं. भाऊ एक शब्द बोलला नाही. जेसीबी दुसरीकडे गेला. नंतर कधीतरी त्याने मला फोनवरच विचारलं, "तू खरंच मानतंस काय गो?" मी म्हटलं, नेटवर्क नाही, आवाज येत नाहीये.

चिपळूणजवळच्या डुगवे गावात २०२० साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या मंडळींनी आणि गावकऱ्यांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून मिरवली, खवलोत्सव केला. ते वाचलं तेव्हा भावासमोरची माझी लाज थोडी कमी झाली.

त्या रात्रीनंतर मी खवले मांजर पुन्हा पाहिलेलं नाही. पण भाऊ आता स्वतःच फोटो पाठवतो. वारुळाला एका बाजूने पाडलेलं भगदाड, ताजी लाल माती, कधी शेपूट ओढत गेल्यासारखी रेघ. एकदा साळिंदराचं बीळ पाठवलं होतं, ते मी ओळखलं आणि त्याला कळवलं. तो जरा हिरमुसला. गेल्या दिवाळीनंतर आलेल्या फोटोत तिसऱ्या वारुळाची पार चाळण झाली होती. खाली त्याने लिहिलं होतं, "जेवून गेला."

गावाचं नाव काय, असं मुलं आता विचारतील. तेवढं मी सांगत नाही. पोतं घेऊन फिरणारी माणसंही वाचतात.